कार्ड आहे का?

माझी आई माझ्याच खिडकीवरून, माझ्या नाकासमोरून, शेजारणीच्या कार्डावर दवाखान्यात शिरली आणि मी तिला "पुढे चला" म्हटलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरातल्या एका दवाखान्यात मी कार्डाच्या खिडकीवर कारकून होते. तिथं दोन रांगा लागत. पहिल्यांदा येणाऱ्यांची नवी रांग. तिथं नाव, वय, पत्ता विचारून कार्ड बनवावं लागे, त्यामुळे ती थेट गेटाबाहेर उन्हात जायची. ज्यांच्याजवळ आधीचं कार्ड असे त्यांची जुनी रांग, ती भराभर सरकायची. जुन्या रांगेवर मी. नियम असा होता की कार्डावरचं नाव वाचायचं, माणसाला त्याचं नाव विचारायचं, दोन्ही जुळली की शिक्का मारायचा. मी यातलं काहीच करत नसे. कार्ड आहे का, एवढंच पाहायचे. दिसलं की शिक्का, नाही दिसलं की "नव्या रांगेत जा". माझा हात असा चालायचा की नव्या रांगेवरच्या बाई तोंडात बोट घालायच्या. त्याचा मला भारी तोरा होता. घरी जेवताना मी ऐटीत सांगायचे, मान वर करायलाही फुरसत नसते, कार्ड दिसलं की ठप्पा.

हे आई ऐकत असे. आमचं घर गांधीबागेच्या मागच्या गल्लीत. वडील मागावर लुगडी विणायचे, आई त्यांना सुताच्या कांड्या भरून द्यायची. तिला अक्षरओळख नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिला पेनिसिलिनच्या नुसत्या चाचणीच्या सुईनंच अंगभर गांधी उठल्या होत्या आणि धाप लागली होती. तेव्हा डॉक्टरांनी तिच्या कार्डावर लाल शाईनं लिहिलं, पेनिसिलिन देऊ नये. तिनं मला विचारलं होतं की हे दर वेळी डॉक्टरले सांगावं लागन का. मी म्हटलं, काही सांगू नको, सगळं कार्डावर लिहून आहे. शहाणपणा तर माझ्याजवळ पोत्यानं होता.

ते कार्ड घड्यांवर फाटलं, म्हणून नवं उतरवून आणते असं सांगून मी ते दवाखान्यात नेलं आणि माझ्या ड्रॉवरमध्ये टाकलं. आज करते, उद्या करते, असे आठ दिवस गेले.

त्याच आठवड्यात आईच्या तळपायात खिळा गेला. मी कामावर निघाले तेव्हा पाय जरा सुजला होता, दुपारपर्यंत तो भप्प झाला. आमच्या गल्लीत एकाचं पुरणयंत्र जसं सगळ्या घरांत फिरायचं तशी दवाखान्याची कार्डंही फिरायची. हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. मे महिन्याच्या उन्हात, सुजल्या पायानं आई नव्या रांगेत कशी उभी राहील, म्हणून शेजारणीनं आपलं कार्ड काढून दिलं. दोघी एका वयाच्या. शेजारणीला हिवाळ्यात जखमेसाठी पेनिसिलिन दिलं होतं आणि ते तिला चाललं होतं, तसं त्या कार्डावर लिहिलेलं होतं.

आई सायकलरिक्षानं आली आणि माझ्या रांगेत लागली. तिनं मला हाक मारली नाही, कारण खिडकीवर ओळख दाखवायची नाही, लोक नावं ठेवतात, अशी तंबी मीच घरी देऊन ठेवली होती.

अर्ध्या तासानं आत गलका झाला. सुईच्या खोलीत कोणी बाई पडली म्हणे. मला रागच आला. लोकांना सुई पाहूनच भोवळ येते, असं मी बडबडले आणि शिक्के मारत राहिले. मग शिपाई एक कार्ड घेऊन माझ्याकडे आला. बाईच्या घरी निरोप द्यायचा होता, पत्ता वाचून पाहिजे होता. त्या दिवशी मी वाचलेलं ते पहिलं नाव. आमच्या शेजारणीचं. घाबरून मी धावत आत गेले, तर जमिनीवर माझी आई पडलेली. ओठ निळे, चेहरा सुजून ओळखू न येणारा. लुगडं वडिलांच्या मागावरचं होतं, त्यावरून मी तिला ओळखलं.

डॉक्टर गुडघे टेकून तिला उताऱ्याची सुई देत होते. "हिला पेनिसिलिन चालत नाही," मी म्हणाले.

"कार्डावर चालतं असं लिहिलंय."

"ते कार्ड तिचं नाही."

"मग तिचं कुठे आहे?"

"माझ्या ड्रॉवरमध्ये."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सुई देऊन होताच ते तिची नाडी पाहू लागले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले, आणि बाहेर माझ्या खिडकीवर लोक कार्डं आपटत होते ते मला ऐकू येत होतं.

आई वाचली. संध्याकाळी तिचा श्वास सुधारला आणि दुसऱ्या दिवशी ती उशीला टेकून बसली. शेजारीण डब्यात खिचडी घेऊन आली होती, रडून रडून तिचे डोळे लाल झाले होते. मला आईवर भडकायचं होतं. हे कार्ड आपलं नाही असं तिनं सुई घेताना डॉक्टरांना का सांगितलं नाही, ते मी विचारलं.

"काहून सांगू?" आई म्हणाली. "मले वाटलं, आतबी तसंच पाहतेत. कार्ड हाय का नाही, येवढंच. तूच तर सांगे घरी."

शेजारणीनं खिचडीचा घास तिच्या तोंडाशी नेला, पण आईनं हातानं थांबवलं. तिला अजून काही सांगायचं होतं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते मला जास्त लागलं.

"थांबली होती वं मी तुह्या खिडकीपाशी जराशी. म्हटलं, आता मान वर करते का मंग करते. तूनं म्हटलं, पुढे चला."