ओब्दुलियाच्या गिटारीची काळी मान

आमच्या पाराचो गावात गिटारीशी संबंध नसलेला माणूस शोधून काढावा लागतो. कुणी गिटारींची नुसती पोटं वाकवतं, कुणी माना कोरतं, मी भोकाभोवतीची लाकडी नक्षी बसवते. पण अख्खी गिटार स्वतःच्या नावावर करणारी बाई गावात एकच, माझ्या भिंतीला भिंत लागून राहणारी ओब्दुलिया साळापा. नवरा निकान्द्रो गेल्यावर सगळ्यांना वाटलं, ही आता कारखान्याला कुलूप लावणार आणि दिरांच्या गिटारींना पॉलिश मारत बसणार. तिने दिवस झाल्यावर करवत हातात घेतली, ती घेतलीच. उंच, दणकट बाई. आवाज असा की चौकातल्या आईस्क्रीमवाल्याला ती घरातूनच ऑर्डर देई.

जत्रेतल्या गिटारींच्या चढाओढीत ती दरवर्षी उतरायची आणि दरवर्षी तिचा दीर एउतिमिओ जिंकायचा. एउतिमिओ माणूस वाईट नव्हता, पण जिंकल्यावर गप्प बसणं त्याला जमत नसे. "वहिनी, पुढच्या वर्षी बघा हं," असं तो म्हणायचा आणि ओब्दुलिया घरी येऊन भांडी आदळायची.

त्या वर्षी उन्हाळ्यात मोरेलिया शहरातून लिओनोर तिनोको नावाची वादक तिच्याकडे आली. तिशीची, बारीक चणीची. बोलायच्या आधी तिने दोन्ही तळवे पुढे केले. डोंगरावरून गार वारा सुटला होता, तरी तळवे नुकतेच पाण्यातून काढल्यासारखे ओले.

"जन्मापासून असं आहे," ती म्हणाली. "घाम नाही, तेजाब आहे म्हणा. लाखेच्या चपड्याचं पॉलिश महिन्याभरात चिकट होतं. भर कार्यक्रमात अंगठा मानेला चिकटला, सूर गेला आणि लोक हसले. बाई, मला अशी मान करून द्या की हात नुसता पळला पाहिजे."

ओब्दुलियाने तिचा हात हातात धरून उलटसुलट पाहिला. "बस," ती म्हणाली. "जेवून जा."

गिटार जमली सुरेख. सेद्रो लाकडाची मान, तिच्या बारीक हाताला बेतून सडपातळ कोरलेली. प्रश्न उरला तो पॉलिशचा. पोटाला चपडा ठीक, तिथे कोण घाम गाळतंय? पण मानेला काय? ओब्दुलियाने उरलेल्या सेद्रोचे दांडे कापले, मानेसारखे गोल घासले आणि प्रत्येकाला वेगळं काही लावलं. लिओनोर ते घरी नेऊन दिवसभर मुठीत घासायची आणि खेपेला परत आणायची. चपडा पहिल्या आठवड्यातच लिओनोरच्या मुठीत गुळासारखा झाला. फवाऱ्याची लॅकर टिकली, पण ओल्या अंगठ्याखाली काचेसारखी धरून ठेवायची. नुसतं जवसाचं तेल लावलेला दांडा हाताला गोड लागला, म्हणून आम्ही दोघी नाचलो. पंधरवड्यात तो घामाने काळा पडला आणि त्याचे तंतू उभे राहिले, मांजराच्या जिभेसारखे.

एउतिमिओ अंगणाच्या भिंतीवरून डोकावला. "वहिनी, दांडे विकायला काढलेत का? विटीदांडूला बरे आहेत."

"भावजी, तुम्ही विटी व्हायला तयार असाल तर आत्ता मारते!"

तो हसत गेला, पण ती हसली नाही. त्या रात्री तिचा दिवा उशिरापर्यंत जळत होता.

पुढच्या खेपेला लिओनोर आली तेव्हा मक्याच्या पिठाच्या, पानात उकडलेल्या कोरुंदा केल्या होत्या. चुलीजवळ आम्ही तिघी पानातून वाफाळत्या कोरुंदा सोडवून एका जुन्या काथवटीत टाकत होतो. काथवट ओब्दुलियाच्या लग्नातली, माहेरची, उरुआपानची, काळी, कडेला लाल फुलं. हात वाफेने ओले, तुपाने माखलेले. ओब्दुलिया बोलता बोलता थांबली. तिने ओला अंगठा काथवटीच्या कडेवरून फिरवला. परत फिरवला. मग लिओनोरचा हात ओढून तिचा अंगठा फिरवला.

"पळतोय," लिओनोर म्हणाली.

"इतकी वर्षं मी हिच्यात पीठ मळतेय, धुतेय, उन्हात टाकतेय," ओब्दुलिया हळू आवाजात म्हणाली. तिला हळू बोलताना मी प्रथमच ऐकलं. "आणि माझ्या आईने ही नुसत्या तळहाताने घोटली आहे."

आता आईची गोष्ट सांगायला हवी. मक्लोवियाबाई उरुआपानात माके नावाचं पॉलिश करायच्या. चियाच्या बियांचं तेल, झाडावरच्या किड्यांची शिजवलेली चरबी आणि पांढरी माती एकत्र करून लाकडावर लावायची आणि तळहाताने घोटत राहायचं, थरावर थर, आरसा होईपर्यंत. लेकीने हेच करावं अशी त्यांची इच्छा. लेक मात्र गिटारवाल्याच्या मागे पाराचोला निघून आली. तेव्हापासून मायलेकी बोलत होत्या, पण मर्तिकाला बोलतात तशा.

ओब्दुलिया एक दांडा बगलेत मारून बसमध्ये चढली, सोबतीला मला घेतलं. म्हातारी अंगणात बसून वाळलेल्या भोपळ्याला रंग घासत होती. मान वर न करता म्हणाली, "कोण मेलं?"

"कोणी नाही, आई. शिकायला आलेय."

"दात पडायच्या वयात?"

"पडायच्या आत म्हणून तर आले."

म्हातारीने दांडा घेतला, नखाने टोकरला, नाकाशी धरला. "गिटारीला माके? तुझ्या सासरच्यांना पटेल?"

"सासरचे गेले खड्ड्यात. मला जिंकायचंय. आणि एका पोरीचा हात चिकटतोय तो सोडवायचाय."

म्हातारीला बहुतेक पहिलं वाक्य जास्त आवडलं. तिने उठून तेलाची बाटली आणली. "हात धू. साबणाने नको, राखेने. आणि त्या अंगठ्या काढ."

सगळं पहिल्या फटक्यात जमलं असं नाही. पातळ थर दिला तर खालचे तंतू हाताला लागायचे, जाड दिला तर वळणावर साचून फुगवटा यायचा. काथवट पसरट असते, मान गोल वळते. शेवटी म्हातारीच पाराचोत आली, कारखान्यात खुर्ची टाकून बसली आणि लेकीला ओरडू लागली. "दाबू नकोस, घोट! गुरासारखी काय घासतेस?" तेल, माती, तळवा. तेल, माती, तळवा. ओब्दुलियाच्या तळव्यांची सालटं निघाली. शेवटच्या थरात जाळलेल्या हाडांची पूड पडली आणि मान काळी झाली, विहिरीतल्या पाण्यासारखी.

जत्रेच्या मंडपात ती गिटार ठेवली तेव्हा कुजबुज झाली. सगळ्यांच्या माना मधाच्या रंगाच्या, चकचकीत, आणि ही एक कोळशासारखी. एउतिमिओ जवळ आला. "वहिनी, स्वयंपाकघरातून पळून आली का ही?"

"वाजवून बघा, भावजी."

"ते परीक्षक बघतील."

बाहेर पाऊस होता आणि मंडपात माणसं दाटलेली, हवा ओल्या घोंगडीसारखी. परीक्षक तिघं, तिघंही वादक. प्रत्येक गिटार घ्यायची, तोच तुकडा वाजवायचा, ठेवायची. पहिल्या दोन-चार गिटारींनंतर त्यांचेही तळवे ओलावले. लॅकरच्या मानांवर अंगठा फिरताना चर्र असा आवाज यायला लागला, मागच्या रांगेतही ऐकू येईल असा. एकाने रुमालाने मान पुसली. ती एउतिमिओची होती.

मग धिप्पाड दाढीवाल्या परीक्षकाने काळी गिटार उचलली. तुकडा वाजवला. थांबला. मान उलटी करून पाहिली. परत वाजवला, या वेळी दुप्पट वेगाने, आणि त्याचा हात वरून खाली असा घसरत गेला की तो स्वतःच मोठ्याने हसला. दुसऱ्याने ती त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावली.

निकाल सांगताना ओब्दुलियाचं नाव आलं. ती जागची हलली नाही. मी तिला कोपराने ढोसलं. तेव्हा ती उठली आणि आधी व्यासपीठाकडे न जाता आईकडे गेली, तिला काखेत धरून उभं केलं आणि दोघी मिळून वर चढल्या. म्हातारीचा आवाज ध्वनिक्षेपकात गेला: "हळू चाल गं, माझे गुडघे आहेत, गिटारीची मान नाही!" सगळा मंडप हसला आणि मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात.

संध्याकाळी चौकात लिओनोर त्याच गिटारीवर वाजवायला बसली. पाऊस ओसरला होता. तिने हात पुसला नाही, रुमालही बरोबर ठेवला नाही. तिची बोटं चढत होती, उतरत होती, आणि डोळे मिटलेले होते. वाजवून झाल्यावर तिने ओले तळवे गर्दीकडे उंच धरले, जिंकलेल्या पहिलवानासारखे. ओब्दुलिया एवढ्या जोरात ओरडली की झाडावरची पाखरं उडाली.

एउतिमिओ तिच्या शेजारीच उभा होता. तिच्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, माझ्या पुढच्या गिटारीची मान... तुमच्याकडे टाकू का?"

"मला काय विचारता?" तिने आईकडे बोट दाखवलं. "मालकीणबाईंना विचारा."

म्हातारीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सोमवारी ये," ती म्हणाली. "आणि अंगठ्या घरी ठेवून ये."