बत्ताशी, फुटाणी आणि वडिलांचे पाय

निजामाच्या उभ्या राज्यात आमच्या सलोत्रीसाहेबांइतका कुत्र्यांवर विश्वास ठेवणारा आणि माणसांवर न ठेवणारा दुसरा गृहस्थ झाला नसेल. सलोत्री म्हणजे गुरांचे सरकारी डॉक्टर. लिंबागणेशात आमच्या शेजारीच राहत. त्यांच्या दोन कुत्र्या, सख्ख्या बहिणी. एकीला मधुमेह, ती लघवी करी तिथे मुंग्यांची रीघ लागे. ती बत्ताशी. दुसरी ठणठणीत, ती फुटाणी. दोघींना भाकरी एकच, फिरणे एकच; म्हणजे फरक दिसेल तो आजाराचा. रोज सकाळी दोघींचे डोळे, दात, तळवे तपासून ते वहीत लिहीत आणि दारातल्या शेतकऱ्याला म्हणत, "बैल थांबव जरा. बत्ताशीचं झाल्याबिगर न्हाई." एवढा खटाटोप कशाला, असे मी विचारले तर म्हणाले, "मानूस दुखलेलं लपवतो. कुत्रं लपवत न्हाई." बत्ताशीचे डोळे दुधाळले, पायाची जखम महिनाभर चिघळली, सगळे वहीत गेले. मग एके दिवशी त्यांनी बाभळीच्या काट्याचे टोक दोघींच्या तळव्यांना लावले. फुटाणीने केकाटून पाय ओढला. बत्ताशी शेपूट हलवत बसून राहिली. तिच्या पायातली जाणच गेली होती.

साहेब तसेच आमच्याकडे धावत आले. वडिलांनाही हाच आजार, आणि ते रानात अनवाणी हिंडत. आष्टीचे आमचे आतोबा अशाच चिघळलेल्या पायाने गेले होते. "पाटील, रोज तळवे दावत जा," साहेब म्हणाले. वडील भडकले. "ढोराच्या डाक्टरानं माज्या पायाला हात लावायचा न्हाई!"

दुसऱ्या दिवसापासून साहेब वडिलांना साष्टांग नमस्कार घालू लागले. वयाने चार वर्षांनी मोठे, तरी रोज सकाळी बाजेसमोर आडवे! वडील पाय पसरून बसलेले, आणि साहेबांचा नमस्कार इतका लांबे की गावाला त्यांच्या डोक्याची काळजी वाटू लागली. एका सकाळी ते उठेचनात. वडिलांच्या टाचेत पेरभर काटा रुतून पू झाला होता आणि वडिलांना पत्ताच नव्हता. साहेबांनी न विचारता काटा काढला, जखम धुतली आणि दीड महिना रोज बांधली. मलम अर्थातच बैलांचे. पाय वाचला. आमचे घर त्या माणसाचे आणि त्या मुक्या कुत्रीचे ऋणी आहे, हे मी कुणालाही सांगेन.

पुढे बत्ताशी गेली आणि साहेबांची माजलगावला बदली झाली. निरोप देताना वडील म्हणाले, "डाक्टर, पाया पडनारा तळवे निरखत न्हाई, येवढं मला पैल्याच दिशी कळलं व्हतं."

"मग गप कावून बसलात?"

"तुमी माज्यासाठी मातीत लोळत व्हता. न्हाई कसं म्हनू?"

त्यानंतर तळवे मी पाहू लागलो. वडील निमूट पाय पुढे करत आणि अखेरपर्यंत दोन्ही पायांवर चालले. फक्त एकदा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुजं बगनं लई घाईचं हाय."