आबांच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नाशिकच्या फूलबाजारात ओल्या झेंडूचा उग्र वास आला, की मला मल्टिमीडिया पत्रकारितेच्या एम.ए.चं शेवटचं वर्ष आठवतं. आमच्या घरातला मी पहिलाच पदवीधर. माहितीपटासाठी मी चांदवडजवळच्या आमच्या मळ्यात आबांना, म्हणजे वडिलांनाच, कॅमेऱ्यासमोर बसवलं. धुवट सदरा घालून, तोडलेल्या झेंडूच्या ढिगाशेजारी ते अर्धा तास मनापासून बोलले. विद्यापीठातल्या आमच्या विभागात एडिटिंगला बसलो तेव्हा त्यांचं "लय", "नाय" ऐकून एक वर्गमित्र म्हणाला, "अरे, याला खाली मराठीतच सबटायटल लागतील!" सगळे हसले, मीही हसलो. मग मी आबांचा आवाज काढून टाकला आणि त्यांचं म्हणणं त्याच मित्राच्या शुद्ध आवाजात बसवलं. आबांचा मूळ आवाज असलेली चित्रीकरणाची कॅसेट विभागाची होती. ती परत केली आणि पुढच्या कुणीतरी तिच्यावर दुसरं चित्रीकरण केलं. माहितीपट दाखवला त्या दिवशी आबा एसटीनं आले आणि पहिल्या रांगेत बसले. पडद्यावर त्यांचे ओठ हलत होते, बोलत होता माझा मित्र. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "झ्याक झालं." थोडं चालल्यावर हळूच विचारलं, "माझं बोलनं लय वाईट हाय का रे?" मी म्हणालो, "नाही आबा, मशीनमध्ये आवाज नीट आला नव्हता." त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "तरीच! पुढच्या येळंला जोरात बोलीन." त्यानंतर ते बरीच वर्षं होते, माझ्याकडे स्वतःचा कॅमेराही आला, पण ती पुढची वेळ मी कधी आणलीच नाही.