टॅप झालं की सोडायचं

सकाळी उठलो की आधी माझा उजवा गुडघा बोलतो. पलंगावरून पाय खाली सोडला की कट्ट. मग टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. फिजिओबाईंनी शिकवलेलं सगळं मुकाट्याने करायचं. एके काळी पाठीवर वाळूची पिशवी घेऊन कर्नाळ्याची चढण मी धावत चढायचो. आता कामोठ्यात तिसऱ्या मजल्यावर जायला लिफ्टची वाट बघतो. शेजारी हळहळतात, "खेळाने शरीर खाल्लं हो तुमचं." मी मान हलवतो. खरं सांगायचं तर गुडघ्याचं मला फार वाईट वाटत नाही. तो माझा होता, मीच घालवला. दुसऱ्याचं कोपरही मीच घालवलं, ते मात्र अनेक वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं.

दोन हजार बाराच्या आसपासची गोष्ट. पनवेलच्या जुन्या बाजारात, एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या गाळ्यात आमचं ट्रेनिंग चालायचं. मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं एकत्र. माझे वडील कचेरीत हेडक्लार्क. ते त्याला 'मारामारीची शिकवणी' म्हणायचे. माझ्याच वजनाचा माझा जोडीदार करंज्याचा कोळी होता. मासळीच्या टेम्पोत बसून पहाटे पनवेलच्या मार्केटला यायचा, टोपल्या उतरवून द्यायचा आणि सातला मॅटवर हजर. त्याच्या वडिलांची बोट होती, आणि पुढे तोच तांडेल होऊन ती समुद्रात नेणार, हे घरात ठरलेलं होतं. जाळं ओढून ओढून हात असे झालेले की पकडले की सुटायचे नाहीत. मला चिडवायचा, "तू वरणभात खातोस, तुला ताकद कुटून येणार? घरी ये, आये जवला करून घालेल." मी गेलोही दोन-तीनदा. पोटभर जेवून आलो.

सरांनी भिंतीवर एकच नियम लाल रंगात लिहिला होता. टॅप झालं की सोडायचं. हात किंवा मान लॉकमध्ये, म्हणजे न सुटणाऱ्या पकडीत सापडली आणि सहन होईना, की समोरच्याच्या अंगावर हाताने दोनदा मारायचं. हाच टॅप. तो लागला की त्याच क्षणी सोडायचं. जो सोडणार नाही त्याला कायमचा बाहेरचा रस्ता, आणि आसपासच्या कुठल्याही जिममध्ये त्याला कुणी उभं करणार नाही. सर म्हणायचे, "एवढ्या एका भरवशावर तुम्ही एकमेकांच्या हातात मान देता. तो गेला तर घरी बसा."

एका सकाळी मुंबईहून एक गृहस्थ आले. त्यांच्या स्पर्धेसाठी आमच्या वजनात एकच जण घ्यायचा होता. तो किंवा मी. सरांनी आम्हाला लढायला लावलं. पाचेक मिनिटांनी त्याचा उजवा हात माझ्या लॉकमध्ये आला. त्याने डाव्या हाताने माझ्या मांडीवर टॅप केलं. दोनदा. तो हात भिंतीच्या बाजूला होता, सर पलीकडे होते आणि पाहुणे नेमके फोनमध्ये बघत होते. मला टॅप लागला. दोन्ही वेळा स्वच्छ लागला. आणि माझ्या डोक्यात काय आलं? की पाहुण्यांनी बघितलंच नाही, आता सोडलं तर मी जिंकलो हे त्यांना कळणारच नाही. म्हणून मी धरून ठेवलं. शेवग्याची शेंग मोडावी तसा आवाज झाला आणि पाहुण्यांनी मान वर केली.

सर धावत आले. "टॅप केलंस का तू?" त्यांनी त्याला विचारलं. तो पांढराफटक पडला होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नाय केला सर. वाटला, निघेन. माजीच चूक." पुढच्या आठवड्यात माझी निवड झाली.

मी मोसंबी घेऊन हॉस्पिटलात गेलो. त्याची आई उशाशी बसली होती. म्हणाली, "लानपनापासून हट्टी हाय यो. तू तरी सांग याला." आणि मी सांगितलं! चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात, तो मी. "वेळेवर टॅप करायला हवं होतंस," असं मी त्या माउलीसमोर त्याला म्हणालो. तो छताकडे बघत म्हणाला, "हो. चुकलाच." मोसंब्यांची पिशवी ठेवून मी निघालो. जिना उतरताना मला हलकं वाटत होतं, हे लिहितानाही शरमेने कान तापतात.

कोपर पुन्हा पूर्ण सरळ झालं नाही. त्याला दोर ओढता येईना, तेव्हा बोट चुलतभावाकडे गेली आणि हा बंदराकडच्या एका कंटेनर यार्डात नंबर टिपायच्या नोकरीला लागला. मी पाच वर्षं लढलो, काही जिंकलो, काही हरलो, मग गुडघा गेला. कामोठ्यात मुलांचा क्लास काढला. त्याने तिथेच खोली घेतल्याचं कळलं, तर मी भाजीला जायचा रस्ता बदलला. चोराच्या मनात चांदणं.

आणि एके दिवशी तो आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्या दारात. "शिकव हिला," एवढंच म्हणाला.

पहिल्या आठवड्यात मी मुलांना टॅप शिकवला. कधी करायचा, कसा करायचा. तिने हात वर केला. "सर, माझे पप्पा म्हणतात टॅप करायला लाजायचं नाही. ते लाजले, टॅप केलंच नाही, म्हणून त्यांचा हात असा झाला." बारा मुलं ऐकत होती. माझ्या खोट्याचा त्याने मुलीसाठी धडा केला होता. मी म्हणालो, "तुझ्या पप्पांनी टॅप केलं होतं. दोनदा. मी सोडलं नाही. समोरचा मीच होतो." ती म्हणाली, "म्हणजे पप्पा खोटं बोलले?" याचा मी विचारच केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी क्लास संपल्यावर तो तिला घेऊन आला. चपला बाहेर काढून मॅटच्या कडेला उभा राहिला.

"मोकला झालास?" त्याने विचारलं. "पोरगी कालपासून माज्याशी बोलत नाय. पप्पा, तुमी खोटा का बोललात, म्हणते. मला म्हणते, तुला नाय."

"माफ कर," मी म्हणालो.

"हाताचा तवाच माफ केला. मी खरा बोललो असतो तर तुला हाकलला असता. मला तर बोट होती, असा वाटला." पुढे म्हणाला, "पन हॉस्पिटलात आयेसमोर मला शिकवलास, ते नाय इसरलो. आये गेली ती मला हट्टी म्हणतच गेली."

कुणी श्रीमुखात भडकावली असती तर बरं वाटलं असतं.

त्याने मुलीला मॅटवर ढकललं. "सरांचा हात धर. शिकवलाय तसा." मी गुडघा सांभाळत पाठीवर झोपलो. तिने माझा उजवा हात दोन्ही हातांनी ओढून छातीशी धरला, पाय माझ्या अंगावर टाकले आणि मागे रेलली. नऊ वर्षांची असली तरी कोपर ताणलं जात होतं. तिला सगळं नीट आठवत होतं. मी तिच्या बापाकडे बघितलं. तो तिच्या हातांकडे बघत होता. मी तिच्या पायावर दोनदा टॅप केलं.

तो "सोड" म्हणाला, पण तोवर तिने सोडलेलं होतं.