भीमेतली पाणमांजरं आणि आमचा खंड्या

सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरातली सकाळ… दौंडजवळ, भीमेच्या काठी, आमच्या शेताला लागून मी धुणं घेऊन बसले होते. लग्नाला जेमतेम सात महिने झालेले.

धुकं इतकं उतरलेलं की पलीकडचा काठ नव्हताच. त्यातून बारीक शिट्ट्यांसारखे आवाज यायचे आणि पाण्यावर एकेक ओलं डोकं उगवायचं… पाणमांजरं! एकमेकांना लोळवत, गिरक्या घेत खेळायची. माहेर आठवून रडू आलं की मी त्यांनाच बघत बसायचे.

त्या दिवशी आमचा म्हातारा कुत्रा खंड्या सोबत होता. माझे सासरे, आबा, मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे तेव्हापासूनचा त्यांचा सोबती. हुंगत हुंगत तो काठावरच्या बिळांपाशी गेला. तिथून एक पाणमांजर पाण्यात उतरलं, हा भुंकत मागे…

पुढचं सगळं फार सावकाश घडल्यासारखं आठवतं. खरं तर दोन मिनिटंही नसतील. चार-पाच पाणमांजरांनी त्याला घेरलं. एकाने नाक धरलं, बाकीच्यांनी पाय… आणि खाली ओढलं. तो वर आला, परत गेला. मी नुसती ओरडत होते.

माझा ओरडा ऐकून आबा शेतातून धावत आले, काठी घेऊन छातीभर पाण्यात शिरले. पण खंड्या हाताला लागला तेव्हा सगळं संपलं होतं.

आबा त्याला मांडीवर घेऊन काठावर बसले. आणि थोड्याच अंतरावर ती परत खेळायला लागली होती… तशीच, गिरक्या घेत.

माझा दीर पहार घेऊन धावत आला. "आबा, सरका. बिळंच उकरतो सगळी!"

आबांनी मान वर केली नाही. खंड्याच्या कानातलं पाणी धोतराने टिपत म्हणाले, "आत पिल्लं असत्याल. आपला गडी तिकडं गेला व्हता… ती हिकडं आली न्हाईत."

"मग असंच सोडायचं व्हय?"

"व्हय."

 दिराने त्याच पहारीने बाभळीखाली खंड्यासाठी खड्डा खणला.

आठवडाभर मी नदीकडे फिरकले नाही. गेले तेव्हा पाणमांजरं होतीच, तितकीच गोंडस… पण आता मला त्यांचे दातही दिसत होते.

ज्याचं सगळ्यात जास्त गेलं, त्यालाच पिल्लं आठवली. आबा, तुम्ही नको म्हणालात म्हणून ती बिळं राहिली…