माझ्या शेतात ओत

धारवाडहून अळणावरच्या रस्त्याला लागलं की केलगेरीचं तळं मागं पडतं आणि थोडं पुढं गेल्यावर आमचं शेत लागतं. जमीन तांबडी आणि हलकी, पावसाच्या भरवशावरची. माझ्या लहानपणी तिच्यात भात पेरलं तर लोंब्या इतक्या हलक्या यायच्या की कापणीला विळा धरणाऱ्यालाच लाज वाटावी. गोठ्यात दोन बैल आणि एक गाय. त्यांचं शेण चुलीला शेणी करायलाच पुरायचं नाही, मग शेतात काय घालणार? होळीपर्यंत घरातलं भात संपायचं. मग नाचणीची आंबील, आणि तीही पातळ. आई सगळ्यांना वाढून झाल्यावर भांड्यात पाणी घालून खरवडायची आणि उभ्या उभ्या पिऊन टाकायची. आम्ही ते बघायचो आणि बघितलं नाही असं दाखवायचो.

तेव्हा शहराचा कचरा म्हणजे शेतकऱ्याला सोनं होतं. राख, भाजीची देठं, केळीची पानं, देवाची फुलं, रस्त्यावरचं शेण. शहराबाहेरच्या खड्ड्यात हे सगळं कुजायचं आणि एकेका खड्ड्याचा लिलाव व्हायचा. मोठे शेतकरी बोली लावायचे, अप्पा, माझे वडील, मागं उभे राहून ऐकायचे आणि मोकळ्या गाडीनं परत यायचे. असं दोन-तीनदा झाल्यावर एक दिवस ते रस्त्यावर आडवे उभे राहिले आणि कचऱ्याची लॉरी थांबवली.

"अण्णा, एवढ्या लांब कशाला जातोस? माझ्या शेतात ओत."

ड्रायव्हरची खेप वाचली, डिझेल वाचलं. अप्पांनी त्याला ताक पाजलं. पुढं लॉरी आत वळावी म्हणून त्यांनी रस्त्याकडेची चर दगड घालून बुजवली. दोन वर्षांत भात असं आलं की शेजारचे बांधावर येऊन बघून जायचे. आमची चूल सुधारली ती तिथून. मला हायस्कूलनंतर शिकवायचं ठरलं तेही त्याच भातावर. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि माझी फी शहराच्या कचऱ्यातून आली हे मी कुठंही सांगते. त्यात मला लाज वाटत नाही.

मी कॉलेजात जायला लागले तेव्हा कचरा बदलला. आधी दुधाच्या पिशव्या दिसल्या, मग गुटख्याच्या पुड्या, मग पातळ पिशव्यांचे बोळे. कुळव चालवला की त्याच्या फासाला पिशव्यांची माळ लागायची. अप्पा बैल थांबवून ती सोडवायचे आणि बांधावर ढीग करायचे. "चाळून घेतलं की झालं," असं म्हणून त्यांनी कोंबड्याच्या जाळीची चाळण केली. पण जाळीतून काच जाते. बारीक काच तर मातीसारखीच जाते.

आमच्याकडं भांगलायला, म्हणजे तण काढायला, गावातल्या बायकांची एक टोळी यायची. टोळीची म्होरकी एक म्हातारी होती, तिला सगळं गाव अक्का म्हणायचं. ओल्या मातीत या बायका अनवाणीच बसतात, चप्पल चिखलात रुतते. त्या साली पहिल्याच दिवशी अक्काच्या टाचेत काच गेली. तिनं ती ओढून काढली, पदराची चिंधी बांधली आणि संध्याकाळपर्यंत काम केलं. दुसऱ्या दिवशी टोळी आमच्या बांधाजवळून सरळ पुढं गेली. मी धावत गेले.

"अक्का, आमची पाळी आहे की आज."

"तुझ्या अप्पाला सांग, आमी भांगलायला येतो, काचा वेचायला न्हाई. एवढी शिकलीयास न्हवं? मग बूट घालून तूच भांगल."

बायका हसल्या. मीही हसले असेन. पण भातात तण माजलं की भात गेलंच.

अप्पांनी लॉरीला नको म्हणायला सुरुवात केली. तोवर ड्रायव्हर तीनदा बदलले होते, पण जागा त्यांनी एकमेकांना सांगून ठेवली होती. नवा पोरगेला ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "अज्जा, तुम्हीच ताक पाजून बोलावलं असं म्हणतात. आता उलटं बोलता काय?"

"तेव्हा खत होतं. आता काय आणतोस ते उतरून बघ जरा."

"मी आणत नाही, गावच टाकतंय. मी फक्त ओततो."

त्या दिवशी लॉरी गेली. दोन दिवसांनी अप्पा धारवाडच्या बाजाराला गेले आणि परत येऊन बघतात तर ताजा ढीग. मग त्यांनी बाजार सोडला. लग्नाकार्याला जायचं सोडलं. जेवताना रस्त्यावर एखाद्या गाडीनं गिअर बदलला की हातातला घास तसाच राहायचा. आई म्हणायची, "बस गेली हो, बस," तरी ते उठून जायचेच. घरात कुणी मोकळेपणानं बोलेना. सगळ्यांचा एक कान रस्त्याला.

मला तेव्हा हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात हिशेब लिहायचं काम मिळालं होतं. एका दुपारी सुट्टी काढून मी हुबळी-धारवाड पालिकेच्या आरोग्य विभागात गेले. शहर तेव्हा कचऱ्यामागं हात धुऊन लागलं होतं. रस्त्यावरच्या कुंड्या काढणं चाललं होतं, घरोघरी शिट्टी वाजवत ढकलगाड्या फिरायला लागल्या होत्या, वाटेल तिथं ओतणाऱ्याला दंड ठरला होता. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जमीन कुणाची?"

"आमची."

"लॉरीला वाट कुणी करून दिली?"

"अप्पांनीच."

"मग आधी विचारणा तुमच्या वडिलांनाच होणार. विचार करून तक्रार द्या," ते म्हणाले. रागानं नाही म्हणाले, पण मी तक्रार न लिहिताच घरची बस धरली.

रात्री जेवताना सांगितलं. अप्पांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात टाकला.

"मग गप बस," ते म्हणाले. "मला ऑफिसात उभं करून चोर म्हणवून घ्यायचंय काय तुला? यासाठी शिकवली?"

मी पुन्हा ऑफिसात गेले नाही. टोळी येईना, म्हणून आई आणि मी भांगलायला लागलो. मी रविवारी, आई रोज. तण आमच्या पुढं धावत होतं. अशाच एका रविवारी आईनं मातीत हात घातला आणि झटकन मागं ओढला. तळव्यात सुई होती, दवाखान्यातली. आईनं ती काढून बांधावर ठेवली, तिच्याकडं बघितलं आणि विचारलं, "लोखंडाची हाय न्हवं? धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं की भागंल?"

मी विज्ञान शिकले होते. नुसत्या धनुर्वातानं भागत नाही हे मला माहीत होतं. दुसऱ्या एका रोगाचं नाव तेव्हा आमच्या गावात कुजबुजत घ्यायचे, तेच माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं. सोमवारी हुबळीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, रक्त घेतलं आणि काही महिन्यांनी परत तपासू म्हणाले. ते महिने आई नेहमीसारखी भाकरी थापत होती आणि मी तिच्या हाताकडं बघत होते. तिला थोडा खोकला आला तरी मी हातातलं काम टाकून धावायचे. पुढं रक्त चांगलं निघालं, पण ते नंतर.

त्या सोमवारी दवाखान्यातून बाहेर पडताना अप्पांनी आईला फाटकापाशी सावलीत बसवलं. मला म्हणाले, "ते ऑफिस कुठं हाय तुझं? चल."

साहेबांसमोर अप्पांनी टोपी काढली नाही. सरळ उभे राहून म्हणाले, "लॉरी मीच बोलावली. दगड मीच घातले. दंड लावायचा तर लावा. पण आता मी नको म्हणतोय, ते पण लिहून घ्या."

साहेबांनी खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाले, "बसा आधी."

दोन दिवसांनी ते स्वतः शेतावर आले, चिखलात फिरले, सुई ठेवली होती तो बांध बघितला. दंड लावला नाही. पण अट घातली: लॉरीची वाट अप्पांनी बंद करायची आणि ढीग चाळून बाजूला काढायचा, पालिका तो उचलून नेईल. लॉऱ्यांचं म्हणाल तर, कचरा शहराच्या ठरलेल्या जागेवर पोचल्याची खूण तिथल्या माणसानं केल्याशिवाय लॉऱ्या चालवणाऱ्या ठेकेदाराला खेपेचे पैसे मिळणार नाहीत, असं ठरलं. वाटेत ओतलं की खेप फुकट.

अप्पांनी चरीतले दगड एकेक करून उपसले. त्या साली भात नावालाच झालं. उन्हाळाभर आम्ही तिघं पहारीनं माती उकरत होतो आणि यावेळी मैदा चाळायच्या चाळणीइतक्या बारीक जाळीतून काढत होतो. तोच पोरगेला ड्रायव्हर ढीग न्यायला आला. फावडं घेऊन भरताना म्हणाला, "अज्जा, ओतायला सोपं होतं."

पाऊस झाला, पेरणी झाली, तण आलं. मी अक्काच्या दारात गेले. ती टोळी घेऊन आली, पण बांधावरच बसली.

"आत न्हाई यायचं. आधी तू चाल," ती म्हणाली. "चप्पल काढ. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेक ओळ."

अप्पा खाली बघत होते. मी चप्पल काढली आणि निघाले. पहिल्या ओळीत पाय हलका टाकत होते, तसं अक्का ओरडली, "दाबून टाक की पाय. देवळात चाललीयास व्हय?" मग दाबून टाकला. प्रत्येक पावलाला वाटायचं, आता लागणार. खडा टोचला तरी जीव वर यायचा. ओळी संपता संपेनात. शेवटच्या ओळीनंतर मी बांधावर येऊन बसले. अक्कानं माझा पाय मांडीवर घेतला, पदरानं चिखल पुसला, टाच दाबून बघितली, मग दुसरा पाय घेतला.

"उतरा गं," ती बायकांना म्हणाली.

त्या साली टोळीनं आमच्या सगळ्या शेताची भांगलण अनवाणी केली आणि कुणाच्या पायाला काच लागली नाही. आमच्या शेतात पुन्हा कचऱ्याची लॉरी आली नाही.