कपाशीतली तूर आणि महालक्ष्मीचे घोडे

मामांसोबत मुंबईला जायला मी हो म्हणालो, तिथेच चुकलो. महाराष्ट्र नवा होता आणि मी मलकापूरला गणित शिकवणारा नवा मास्तर. वडनेर भोलजीच्या माझ्या मामांना विहिरीवर ऑइल इंजिन बसवायचं होतं. गव्हाला मोटेचं पाणी पुरत नव्हतं. बैल थकले होते आणि पाण्याचे बारे धरून, म्हणजे वाफ्यावाफ्यांत पाणी वळवून, मामीही. पैसे मामांच्या बंडीच्या आतल्या खिशात होते.

वडनेरहून एसटीने मलकापूर, तिथून थर्ड क्लास. जाणार असाल तर शिदोरी घेऊनच निघा. आमची भाकर आणि ठेचा दुसऱ्या दिवसापर्यंत पुरला. भुसावळला केळी स्वस्त मिळतात, चहा मात्र पाणचट.

मुंबईत पोचलो तो रविवार. इंजिनाचं दुकान बंद. लॉजवाला म्हणाला, महालक्ष्मीला घोडे पाहून या. स्वस्तातलं तिकीट काढून आत गेलो. हिरवळ खरोखर पाहण्याजोगी आहे, तेवढ्यासाठी जायला हरकत नाही. पण मामा बुकीपाशी जाऊन उभे राहिले.

"ईच-वे लावा, शेठ," बुकी म्हणाला. "अर्धे विनवर, अर्धे प्लेसवर. पहिला नाही आला तरी पहिल्या तिनात आला की पैसे मिळतात."

मामांचा चेहरा उजळला. "मास्तर, हे तं आपलं कपाशीतलं तुरीचं तास झालं. कपाशी बुडली तं तूर हाये."

मी डोक्याला हात लावला. "मामा, तुम्ही कपाशीच्या दहा ओळींमागं एक तास तूर पेरता. इथं अर्धं वावर तुरीले देऊन राह्यले. अन् प्लेसले भाव विनच्या पावच भेटते."

भाव होता दोनास एक, म्हणजे जिंकला तर एकामागे दोन. दहा लावले, घोडा तिसरा आला; विनवरचे पाच बुडाले, प्लेसवरचे पाच अडीच घेऊन आले, साडेसात परत. मामा खुश. "पाह्य, पैसे आले का नाही?"

"अडीच गेले, मामा."

"आले त्याचं काऊन बोलत नाही बे तू?"

दर शर्यतीला ते रक्कम वाढवत गेले, आणि दरवेळी सगळ्यांच्या लाडक्या, म्हणजे कमी भावाच्या घोड्यावर. दोन घोडे तर तिनातही आले नाहीत. संध्याकाळी इंजिनाच्या पैशातले निम्मे उरले. सोमवारी दुकानाकडे न जाता आम्ही परतीची गाडी धरली.

ईच-वे परवडतं का, असं कुणी विचारलं तर मी सांगतो: भाव चारास एकच्या वर असेल आणि घोडा तिनात येण्याजोगा असेल, तर विचार करा. दोनास एकवर लावाल तर तिसरा आल्याचा आनंद विकत घ्याल, बाकी काही नाही.

वडनेरला पोचलो तेव्हा मामीने विहिरीजवळ इंजिनासाठी ओटा बांधून, सारवून ठेवला होता. मामा त्याच्यावरच टेकले.

"सारे नाही गेले," ते म्हणाले. "अर्धे वाचवले म्या."

"मंग अर्धं इंजिन कुठी हाये?" मामीने विचारलं आणि फावडं उचलून ती बाऱ्यावर गेली.

तो गहू मोटेच्याच पाण्यावर निघाला, जेवढा निघाला तेवढा. माझं गणित पहिल्या शर्यतीपासून बरोबर होतं, पण मी मामांचा हात एकदाही धरला नाही. राग अजून येतो, आणि तो मामांवर नाही.